दुसऱ्याच्या गालावरचा तीळ

निजामाच्या राजवटीत आमच्या नांदूरघाटाकडच्या खेड्यांत दवाखाना कुठला? चामखीळ, मस काढायचा तर लोक माझ्याकडं यायचे. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. भोवती चुना लावायचा, सुईच्या टोकावर बिब्ब्याचा थेंब घ्यायचा आन् नेमका टेकवायचा. माझ्या हाताला गुण हाय म्हणायचे. मला बी लई गुर्मी होती.

एकदा एक बाप आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला घेऊन आला. तिच्या मानेवर चामखीळ होती, आन् महिन्याभरानं चौसाळ्याचे पाव्हणे तिला बघायला येणार होते. चामखिळीचं काम चुटकीसरशी झालं. तिथंच थांबायचं ना! पण पोरीच्या गालावर मोठा काळाभोर तीळ होता. मी म्हणलं, "ह्यो बी काढते. वंगाळ दिसतो."

पोरगी मागं सरली. "न्हाई मावशी, ऱ्हाऊ द्या. माज्या आईला बी हितंच व्हता." आई जाऊन तिला चार वर्षं झालती.

बाप म्हणला, "आक्का, तुमाला जास्ती कळतं."

काय कळत होतं, कपाळ! माझ्या सासूच्या गालावर असाच तीळ होता. पंधरा वर्षं तिनं मला छळलं. ती बोलाय लागली की तो तीळ हालायचा आन् माझं डोकं भणाणायचं. तिला कधी उलटून बोलले न्हाई. वड्याचं तेल वांग्यावर काढलं, पोरीच्या तिळावर बिब्बा टेकवला, आन् वर मीच म्हणले की पोरीला देखणी करते.

दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. गाल सुजला, डोळा झाकला, लस गळाय लागली. मी खोबरं वाटून लावत बसले. सूज उतरली, पण गालावर रुपयाएवढा काळा, सुरकुतलेला डाग ऱ्हायला. पाव्हणे आले, पाणी पिऊन गेले. पुढं तिला एका म्हाताऱ्या बिजवराला दिली.

दोन वर्षांनी लिंबागणेशच्या देवळात ती दिसली. मी तोंड लपवाय बघत होते, तर तीच जवळ आली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गालावरचा पदर सारून हळूच म्हणली, "मावशी, आरशात बघितलं की मला आई दिसायची. आता तिचं तोंडच आठवंना."

मी तिथंच तिचे पाय धरले. ती म्हणली, "उठा, लोक बघायलेत."