लिफ्टमध्ये सासूबाई

मी मुलुंडला एका कॉलेजात सामाजिक मानसशास्त्र शिकवते. अडलेल्या माणसाच्या मदतीला लोक का धावत नाहीत, हा माझा हातखंडा विषय.

त्या संध्याकाळी मी त्याच तासाची तयारी करत होते. (माणसं जितकी जास्त, तितकी मदत कमी, प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बघेल!) इतक्यात बिल्डिंगच्या लिफ्टची घंटा वाजायला लागली. थांबेचना! एकाग्रता मोडली, म्हणून मी दार लावून घेतलं. खाली वॉचमन आहे की!

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘लिफ्टची बेल वाजतेय, कुणीतरी बघा.’ त्यावर धडाधड अंगठे! एक माझाही.

मग सासूबाईंचा फोन आला.

“अगं, लिफ्टमध्ये अडकलेय मी! आत्ता कुठे रेंज मिळाली. घंटा दाबून दाबून बोट सुजलं!”

मी अनवाणीच धावले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली आणि बाहेर निम्मी बिल्डिंग जमलेली.

“लिफ्टवाल्याला फोन केला का कुणी?”

“मला वाटलं, कांबळेंनी केला,” शेजारचे नाईक म्हणाले.

“मला वाटलं, सेक्रेटरींनी,” कांबळे म्हणाले.

सेक्रेटरी वॉचमनकडे बघत होते. वॉचमन लिफ्टकडे.

माझे डोळे चमकले. इतकं ताजं उदाहरण! “बघितलंत? जबाबदारी सगळ्यांत वाटली गेली, की ती कुणाचीच राहत नाही! आता यामागचं कारण...”

“फारच इंटरेस्टिंग हं!” नाईक म्हणाले.

लिफ्टच्या आतून आवाज आला, “लेक्चर कॉलेजात दे गं बाई! पंखा बंद पडलाय इथला!”

सगळे इतके ओशाळले, की सगळ्यांनी एकदमच लिफ्टवाल्याला फोन लावला. सगळ्यांनाच बिझी! शेवटी मी ओरडले, “नाईक, फक्त तुम्ही करा! बाकीचे फोन खाली!”

लिफ्टवाल्याने सासूबाईंना बाहेर काढलं, तेव्हा त्या घामाने निथळत होत्या. माझा हात त्यांनी घट्ट धरला.

“घंटा ऐकू नाही आली तुला?”

“आली हो आई. पण मला वाटलं...”

“कुणीतरी बघेल!” अख्ख्या मजल्याने एका सुरात माझं वाक्य पूर्ण केलं.

हल्ली आई भेटेल त्याला कौतुकाने सांगतात, “लोक मदतीला का येत नाहीत, त्यात आमची सून एक्सपर्ट आहे हो! म्हणून तर मी जिन्याने येते.”