जरीच्या काठाचा रस्ता

अप्पांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आमच्या घराच्या पुढच्याच खोलीत होतं. मॅट्रिकला गणितात बरे आणि इंग्रजीत अगदीच वाईट मार्क पडले, तेव्हा माझं शिक्षण थांबलं आणि मी दुकानात बसू लागले. आधी गिऱ्हाइकाला चिठ्ठी लिहून द्यायची, मग स्क्रू वाटीत वेगळे ठेवायचे, मग हळूहळू सोल्डरिंग. वीस वर्षांची होईतो ट्रान्झिस्टरमधला सुटलेला सांधा मला अप्पांच्या आधी दिसायला लागला होता. अप्पा तसं कबूल करत नसत. चष्मा कपाळावर सरकवून "मग तूच बघ की" म्हणायचे आणि दुसरा रेडिओ पुढे ओढायचे.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं असतील. सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत मुंबईचा एक माणूस खेळाचं यंत्र घेऊन आला होता. चाराण्याचं नाणं टाकलं की काचेखाली रस्ता पळायला लागायचा आणि आपण स्टिअरिंग धरून छोटी पत्र्याची मोटार त्या रस्त्यावर ठेवायची. मोटार रस्ता सोडून गेली की घंटी वाजायची. तीन घंट्या झाल्या की खेळ संपला. तिसऱ्या दिवशी दुपारी तोच माणूस घाम पुसत आमच्या दुकानात आला.

"मिस्त्री, घंटी वाजत नाही," तो अप्पांना म्हणाला. "लोक मोटार झाडावर नेतात आणि वर मलाच सांगतात, आमचा खेळ अजून चालू आहे."

अप्पांनी हत्यारांची पिशवी घेतली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी दार ओढून मीही निघाले.

यंत्राची मागची फळी काढली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की रस्ता म्हणजे रबरी पट्टा होता, दोन रुळांवरून गोल फिरणारा. रस्त्याच्या दोन्ही कडांना पितळेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या होत्या. मोटारीच्या पोटाखालचा तांब्याचा ब्रश पितळेला लागला की विजेचा फेरा पुरा व्हायचा आणि घंटी वाजायची. त्या पट्ट्या जागोजागी सुटून वर आल्या होत्या. अप्पांनी त्या खरवडून पुन्हा चिकटवल्या आणि मला म्हणाले, "चालवून बघ."

मी स्टिअरिंगला हात लावला. त्यानंतरची दोन-तीन मिनिटं मला अजून आठवतात. समोरून वळण येत होतं, ते दिसायच्या आत हात वळत होते. आजूबाजूचा पाळणा, पिपाण्यांचा आवाज, सगळं लांब गेलं. एकदाही घंटी वाजली नाही, म्हणून अप्पांना वाटलं दुरुस्ती फसली. त्यांनी पुढे होऊन मोटार मुद्दाम बाहेर ढकलली. घंटी वाजली.

"मुलगी चालवते चांगलं," यंत्रवाला म्हणाला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "मिस्त्री, राग नसावा. संध्याकाळी तासभर ही खेळायला येईल का? बायका लांबून बघतात आणि निघून जातात. एक बाई खेळताना दिसली, तर त्याही येतील. मी पैसे देईन."

घरी अव्वाला, म्हणजे आईला, हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली. "याक?" तिनं कानडीत विचारलं. म्हणजे, का म्हणून? "लग्नाची पोरगी गड्ड्यात गाडी हाकत बसणार? आणि लोक बघणार?"

"तूबी चल की संगं," अप्पा म्हणाले.

अव्वा आली. यंत्राशेजारी लाकडी स्टूल टाकून, पदर डोक्यावर घेऊन, जत्रा संपेपर्यंत रोज तासभर बसली. बायका खरंच आल्या. आधी दोघी-तिघी तोंडावर पदर घेऊन, मग रांग लागली. मी एक फेरी चालवून दाखवायची आणि बाजूला व्हायची. शेवटच्या दिवशी त्या माणसानं ठरल्यापेक्षा थोडे जास्तच पैसे माझ्या हातात ठेवले. रेडिओच्या कामाचे पैसे अप्पांच्या गल्ल्यात जायचे, तसंच मला ते योग्य वाटायचं. हे मात्र माझे होते, आणि मला जे करताना भूक लागत नव्हती त्याचे होते. हे असं होऊ शकतं, याचंच मला नवल वाटत राहिलं.

जत्रा चालू असेतो पितळेच्या पट्ट्या आणखी दोनदा सुटल्या. दोन्ही वेळा मीच त्या चिकटवल्या. दुसऱ्यांदा चिकटवताना मनात आलं, पट्टी चिकटवली म्हणून सुटते. ती कापडातच असती तर? आणि धातू कापडात असतोच की. आमच्या दोन घरं पलीकडे एक तेलुगू विणकर राहायचे, त्यांच्या मागावरच्या साड्यांच्या काठात मी तो रोज बघत होते.

घरी येऊन मी अव्वाच्या साडीच्या जरीला बॅटरी आणि टॉर्चचा बल्ब लावून बघितला. बल्ब मिणमिणता लागला. अप्पांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "खरी जर हाय ही. हल्लीच्या स्वस्त साडीला लागणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी विणकरमामांकडे गेले. त्यांना गुडघ्याचा त्रास होता, त्यामुळे मागाच्या खड्ड्यात एकदा बसले की दुपारपर्यंत उठत नसत. मी वरच्या काठावर बसून सगळं सांगितलं, आपलंच तसं यंत्र करायचंय हेही. दीड हात रुंद, आठ हात लांब पट्टी. मध्ये काळा रस्ता, दोन्हीकडे हिरवं, आणि रस्त्याच्या कडेनं जर.

"रस्ता विणायचा?" मामांनी धोटा थांबवला. "लोक माझ्याकडे मोर सांगते, कमळ सांगते. रस्ता कोणी सांगितला नाही."

"जमंल का मामा?"

"सरळ रस्ता असला तर काठच आहे तो."

"सरळ न्हाय. वळणं पायजेत. सरळ रस्त्यावर कोण पैसे टाकंल?"

मामांनी धोटा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "कागदावर काढून आण. घरं पाडून."

मी चौकटीच्या वहीत रस्ता काढला. सोपं वळण आधी, मग दोन पाठोपाठची, मग एक लांब सरळ, माणूस सैल पडावा म्हणून, आणि लगेच अवघड वळण. असा रस्ता आखणं म्हणजे न दिसणाऱ्या माणसाशी आधीच खेळणं होतं. त्यात मला चालवण्याहूनही जास्त मजा आली. मामांनी प्रत्येक ओळीला जरीचा धागा हातानं एकेक घर सरकवत आठ दिवसांत तो विणला. एका लग्नाच्या साडीतून उरलेली खरी जर त्यांनी वापरली. मजुरी विचारली तर म्हणाले, "आधी चालू दे."

पेटी सुतारानं केली. जुन्या बाजारातून ट्रकच्या वायपरची मोटर आणली, ती हळू आणि दमानं फिरते म्हणून. स्टिअरिंग एका मोडक्या शिलाई मशीनच्या चाकाचं. घरात यंत्र चाललं तेव्हा अप्पांनी स्वतः दोनदा खेळून दोन्ही वेळा तीन-तीन घंट्या वाजवल्या. मग म्हणाले, "घंटीची सगळी वीज जरीतनं जातीया. मधे रिले टाक. जर नाजूक असती."

रिले म्हणजे एक लहान चुंबकी बटण. थोड्या विजेनं ते दाबलं जातं आणि मोठी वीज दुसऱ्या तारेनं जाते. आमच्याकडे त्या वेळी चांगला रिले नव्हता, आणि दोन दिवसांवर मंद्रूपचा आठवडी बाजार होता. मी म्हटलं, "एका बाजारानं काय होतंय?"

भाड्याची बॅटरी आणि पेटी टेम्पोत घालून आम्ही मंद्रूपला गेलो. पहिला अर्धा तास गर्दी आवरेना. मग एका गड्यानं लागोपाठ मोटार कडेला नेली, ब्रशखाली ठिणगी पडली आणि जर त्या जागी काळी होऊन तुटली. तिथून पुढे त्या कडेला घंटी वाजेना. लोकांना ते लगेच कळलं. कुणी मोटार हिरव्यातच घेऊन जायला लागला. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "पोरी, हिचा रस्ता संपला म्हन की," आणि सगळे हसले. ज्यांनी मागितले त्यांचे पैसे अप्पांनी परत दिले. "सांगितलं होतं की" असं ते मला म्हणाले असते, तर बरं वाटलं असतं. ते नुसते टेम्पोत पेटीवर हात ठेवून बसून राहिले.

मामांना जळलेली पट्टी दाखवायला मी दोन दिवस गेलेच नाही. शेवटी तेच काठी टेकत आले. पट्टी उलगडून बोटानं जर चाचपली आणि म्हणाले, "बारीक तांब्याची तार आहे का तुमच्याकडे? जरीबरोबर एक घालू. दिसणार नाही."

आमच्याकडे जळालेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तीच तर होती. वरचा लेप खरवडून मी केसासारखी तार काढून दिली. या वेळी जुन्या सामानातून रिले शोधला, तो बसवला, आणि घरात ब्रश शंभरदा कडेला घासून बघितला. तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा मंद्रूपला गेलो. मला जायचं नव्हतं, दुसरं गाव चालेल असं मी म्हणत होते. अप्पा म्हणाले, "तितंच जायचं. तितल्या लोकांनी बघितलंय."

त्या दिवशी यंत्र संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. उन्हं उतरल्यावर गर्दी जरा कमी झाली, तेव्हा अव्वा स्टुलावरून उठली आणि म्हणाली, "सरक जरा." तिनं पदर खोचला आणि चाक दोन्ही हातांनी धरलं, जात्याचा खुंटा धरावा तसं. पहिल्याच वळणाला घंटी वाजली. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ रस्ता आला, अवघड वळण आलं, ते तिनं जीभ दातात धरून काढलं. बाजूच्या भाजीवाल्या बायका ओळखीच्या असल्यासारख्या तिला डावीकडे, उजवीकडे सांगत होत्या.

त्याच वर्षी अक्कलकोटकडचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या काकांनी मला बाजारात चाक फिरवताना बघितलं होतं, असं नंतर कळलं. तिकडून उत्तर आलं नाही. अव्वा चार दिवस कमी बोलली. पाचव्या दिवशी गहू निवडता निवडता म्हणाली, "बरंच झालं म्हन. त्यांना रेडिओतलं काय कळत व्हतं?" मला वाईट वाटायचं ते तेव्हा वाटून संपलं.

कुर्डुवाडीला स्टेशनाबाहेर एका हॉटेलवाल्यानं यंत्र बघितलं आणि तसंच एक स्वतःसाठी मागितलं. गाडी बदलायला थांबलेली माणसं तास तास बसतात, त्यांना काहीतरी हवं असतं, असं त्याचं म्हणणं. "पर रस्ता येगळा पायजे," तो म्हणाला. "रेल्वेचं फाटक पायजे त्यात." मी फाटक घातलं. ते बंद असताना मोटार थांबवायची सोय मला जमली नाही, म्हणून फाटकाजवळ रस्ताच अरुंद केला. पुढं जेऊरच्या एकानं मागितलं, मग मोहोळकडच्या दोघांनी. पुढच्या गड्ड्याला मुंबईचा यंत्रवाला आला, त्यानं आमचा पट्टा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि त्याच्या सगळ्या यंत्रांसाठी रस्ते विणून मागितले. मामांनी त्या कामाला आपल्या सुनेला बसवलं. ती माझ्यापेक्षा अवघड वळणं काढायची. दुकानाच्या पाटीवर रेडिओच्या खाली अप्पांनी "खेळाची यंत्रे बनवून मिळतील" असं रंगवून घेतलं. त्या ओळीखाली मी बसायचे.

दशक संपत आलं असताना एका डॉक्टरीणबाईंकडून निरोप आला. त्यांचे भाऊ विलायतेहून टीव्ही आणि त्याला जोडायचा खेळ घेऊन आले होते. सोलापुरात तेव्हा टीव्हीवर काहीच दिसत नसे, नुसती मुंग्या चालल्यासारखी खरखर. खेळही दिसत नव्हता. अप्पांनी टीव्ही कधी उघडला नव्हता, मीही नाही. तरी मी गेले. पाऊण तास बटणं फिरवून योग्य जागा सापडली आणि काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा आणि एक ठिपका उभा राहिला. रेघेनं ठिपका परतवायचा, एवढंच.

"खेळून बघा ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याशी तीन डाव खेळले आणि तिन्ही हरले. रूळ नाही, मोटर नाही, झिजायला काही नाही. वळण आखायचं ते कुठं आणि कशावर, हेच मला समजेना. मी विचारलं, "ही डबी मागून उघडून बघितली तर चालंल का?"

त्यांचे भाऊ घाबरले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "रविवारी या. मी ह्याला बाहेर पाठवते."

शनिवारी दुपारीच मी बारीक स्क्रू ड्रायव्हर घासून ठेवला आणि वहीचं कोरं पान काढलं, आत दिसेल ते उतरवून घ्यायला.