राजाचा खून, दिवाळीपूर्वी

"शिक्का दाखवा."

मास्तर पोस्टाच्या खिडकीशी येत ते हे दोन शब्द घेऊनच. बाहेर लाल पेटी होती आणि सगळी आळी तिच्यातच पत्रं टाकी, पण मास्तरांचा त्या पेटीवर विश्वास नव्हता. आतली झुरळं पत्त्याची शाई खातात असं ते अगदी गंभीरपणे सांगत. ते कार्ड माझ्या हातात देत, पत्ता पुन्हा एकदा वाचून घेत, आणि मी तारखेचा शिक्का मारून कार्ड त्यांच्यासमोर धरीपर्यंत खिडकीवरचा हात हलवत नसत. मागे किती माणसं उभी आहेत याच्याशी त्यांना कर्तव्य नसे.

मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका लहानशा पोस्टात कारकून होतो आणि मास्तर तिथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवीत. उंच, वाळलेला माणूस, कोटाचं वरचं बटण भर वैशाखातही लावलेलं. मीही स्वभावानं संशयी. संशयी माणसाला दुसरा संशयी माणूस चटकन ओळखू येतो आणि मुळीच आवडत नाही. तुम्हीही अशा जोड्या पाहिल्या असतील.

मास्तरांचा कुणावरच भरवसा नसे. कागदाचा दस्ता घेतला तर दुकानाच्या पायरीवर बसून त्यातले चोवीस ताव मोजत. बांगडा घेताना कल्ले उघडून बघत आणि वर कोळणीलाच विचारत, "कालचा नाही ना?" ती म्हणे, "मास्तर, तुमी समुद्रावरच येवा, जाळ्यातनाच घ्येवा." मास्तर यावरही विचार करत.

त्यांचा दुसरा लाडका शब्द होता 'क्रम'. मुलं इंग्रजीत नापास होतात ती भाषा कठीण म्हणून नव्हे, क्रम चुकतो म्हणून, असं त्यांचं म्हणणं. "आधी नाटक की आधी भाषेचा इतिहास? आधी निबंध की आधी कविता? क्रम चुकला की संपलं हो." एकदा कुणाच्या तरी मुंजीत मी त्यांच्या पंक्तीला होतो. माझा हात मठ्ठ्याकडे लवकर गेला तेव्हा शेजारून आवाज आला, "क्रम, क्रम." मी त्या दिवशी मठ्ठा प्यालो नाही.

रत्नागिरीत तेव्हा कॉलेज नव्हतं. बी.ए. व्हायचं म्हणजे गाव सोडायचं. मास्तर स्वतः एक वर्ष कॉलेजात जाऊन परत आले होते. वडील वारले म्हणून आले असं ते सांगत, नापास झाले म्हणून आले असं शाळेतले लोक सांगत. मग या माणसाला दर वर्षी विद्यापीठांकडून जाडजूड छापील लखोटे कशासाठी येतात? ते बी.ए. नाहीत, घरात शिकणारं कुणी नाही, कारण लग्नच केलेलं नाही. आणि महिन्यातून दोनदा त्यांचं एक कार्ड केळशीला जाई, तेही एका म्हाताऱ्या तांडेलाच्या नावानं. आयुष्यभर गलबत हाकलेल्या माणसाशी इंग्रजीच्या मास्तराचं काय काम असावं? मी ही गाठ मनात मारून ठेवली.

उघडं कार्ड वाचू नये असा नियम आहे. वाचत नाही असा कारकून मी पाहिलेला नाही. एप्रिलात मास्तरांनी केळशीचं जे कार्ड दिलं त्यावर असं होतं:

'राजाचा खून दिवाळीपूर्वी उरकावा. एकदम हात घालू नये, पाच भाग करावे. खुनानंतर बंड. जुनी यादी फाडून टाकावी, नवी हाती येताच पाठवतो. घाई केल्यास क्रम चुकेल.'

ते दिवसच तसे होते, राज्य इंग्रजांचं होतं. कोण कुणाकडे जातो, कोणाच्या घरी कुठलं वर्तमानपत्र येतं, याची टिपणं पोलीस ठेवत. आणि इथं राजा, खून, बंड, याद्या आणि वर समुद्रावरचा तांडेल! केळशीच्या किनाऱ्यावर रात्री पेट्या उतरताहेत असं चित्र मी उभंसुद्धा केलं. समोर मास्तर हात ठेवून उभेच होते. "शिक्का दाखवा." मी शिक्का मारला, पण तारीख दोनदा उमटली.

पोस्टमास्तरांना मी ती गोष्ट सांगू लागलो तर त्यांनी चष्माच काढून ठेवला. "मला काही सांगू नका. सांगितलंत तर मला काहीतरी करायला लागेल." शेवटी मी आपणहून फौजदारांकडे गेलो. ते म्हणाले, "कार्डं जाऊ द्या, केळशीचं बंद टपाल आलं की मला दाखवा." मला त्या दिवशी छाती जरा फुगल्यासारखी वाटली हे कबूल करतो.

मेच्या अखेरीला मास्तरांनी केळशीचा एक जाड लखोटा आणला. यावेळी ते घाईत होते. "आजच्या पिशवीत जाईल ना? बोट चुकायची नाही ना?" मी म्हटलं, जाईल. त्यांनी शिक्का पाहिला आणि गेले. मी लखोटा माझ्या खणात ठेवला. फौजदार राजापूरकडे फिरतीवर होते, ते तीन दिवसांनी आले.

लखोटा त्यांनी माझ्यासमोरच फोडला. आत एक छापील फॉर्म, एका शिक्षणसंस्थेचा. घरी अभ्यास करून बायकांना परीक्षेला बसू देणाऱ्या संस्था तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या, त्यांतली ती एक. विषयांचे रकाने मास्तरांच्या अक्षरात भरलेले, फक्त सहीची जागा मोकळी. बरोबर पुस्तकांची नवी यादी आणि एक मोठा आखीव ताव, बोटीच्या वेळापत्रकासारखा: जूनपासून मार्चपर्यंत कुठल्या आठवड्यात कुठलं पुस्तक, कुठलं प्रकरण, उजळणी कधी. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या रकान्यात लिहिलं होतं, 'नाटक: राजाचा खून, अंक पाच.' त्याखाली, 'बंडाच्या काळातले निबंध.'

फौजदार हसले नाहीत. "अहो, हा बी.ए.चा अभ्यास आहे," एवढंच म्हणाले. "चिकटवा परत."

मी खळ लावून लखोटा नीट चिकटवला आणि पिशवीत टाकला. हर्णैची शेवटची बोट आदल्या दिवशी सुटली होती. पावसाळाभर आता बोट नाही. तो लखोटा चिपळूण, खेड, दापोली असा जमिनीवरून, होड्यांनी खाड्या ओलांडत गेला. केळशीतून सही होऊन फॉर्म पुढे संस्थेकडे पोचला तेव्हा मुदत टळून चार दिवस झाले होते.

हे मला कळलं ते मास्तरांकडूनच. जुलैत ते खिडकीशी आले, हातात कार्ड नव्हतं. मागे कुणी नव्हतं म्हणून की काय, प्रथमच ते माझ्याशी टपालाखेरीज बोलले.

"एक वर्ष गेलं हो एका मुलीचं."

मुलगी म्हणजे त्या तांडेलाची लेक. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, ती माहेरी आली, गावच्या शाळेत मुलींना शिकवू लागली. मास्तर एकदा परीक्षक म्हणून तिकडे गेले होते, तेव्हा तिनं त्यांना इंग्रजीतल्या शंका विचारल्या. त्या इतक्या नेमक्या होत्या की मास्तरांनी तिथंच तिला बी.ए. करायचं ठरवलं. मुंबईला गिरणीत असलेल्या तिच्या भावानं मात्र अट घातली होती: यंदा नाव दाखल झालं तर शिकू दे, नाहीतर मुंबईला येऊन माझी पोरं सांभाळू दे.

"पण तुम्ही सगळं कार्डावर का लिहीत होतात?" मी न राहवून विचारलं.

"बाईमाणसाला बंद पाकीट पाठवलं तर केळशीत काय बोलतील? म्हणून बापाच्या नावानं, आणि उघडं. म्हटलं, जगानं वाचावं. लपवण्यासारखं काय आहे?"

मी शाईची दौत पुसत राहिलो.

"चूक माझीच," मास्तर म्हणाले. "पुस्तकं बदलली तर नाहीत ना म्हणून संस्थेला तीनदा लिहून विचारलं. उत्तर येईपर्यंत फॉर्म धरून बसलो. माझा संशय नडला तिला. मला कॉलेजात कुणी क्रम सांगितला नाही, म्हणून हिचा तरी चुकू नये असं वाटत होतं. आणि शेवटी मीच..." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडून वेळेवर गेलं होतं. शिक्का मी डोळ्यांनी पाहिला ना."

उभ्या आयुष्यात या माणसानं विश्वास ठेवला तो माझ्यावर. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. "होतं असं कधी कधी," असं मी म्हणालो. ते वाक्य आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

ती मुंबईला गेली. मास्तरांनी तिच्यासाठी नवा ताव आखला. भावाची पोरं शाळेत गेली की दीड तास मोकळा मिळतो, तेवढ्यात बसवलेला. आता कार्डं भावाच्या नावानं मुंबईला जात. त्यांची कार्डं मी सर्वांआधी पिशवीत टाकी, दोन वर्षं. फॉर्म भरायला भाऊ काही तयार होत नव्हता. मास्तर म्हणत, "वाचन तर चालू आहे, क्रमानं चालू आहे."

तिसऱ्या वर्षी त्यांना ताप धरला तो उतरेना. हेदवीला त्यांचं घर होतं, तिथं त्यांना नेलं. पंधरा दिवसांनी आमच्या पोस्टमननं पिशवी खाली ठेवत सांगितलं, "मास्तर गेलं ओ. हेदवीसच गेलं."

त्यानंतरच्या आठवड्यात मुंबईहून त्यांच्या नावे कार्ड आलं. बाईंचं अक्षर मी प्रथमच पाहिलं, उभं आणि स्वच्छ. खाली बापाचं नाही, भावाचं नाही, स्वतःचं नाव. 'पुस्तक पूर्ण झालं. भाऊ यंदा फॉर्म भरू देतो म्हणाला आहे. पुढं काय वाचावं ते क्रमानं कळवावं.'

ते कार्ड मी दोन दिवस ठेवून घेतलं. शाळेत जाऊन विचारलं, कुणी एवढा अभ्यास आखून देईल का? एक जण म्हणाला, आम्हाला आमचेच तास पुरतात. मास्तरांच्या खोलीवर गेलो तर कागद केव्हाच बंबात गेले होते. एक कोरं कार्ड घेऊन बाईंना सगळं खरं लिहावं म्हणून बसलो. पत्ता लिहिला, पुढं एक अक्षर सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे तिच्या कार्डावर शेरा लिहिला, 'मालक मयत, परत.' मास्तर गेल्याचं तिला कळलं ते माझ्या अक्षरातून. त्या अक्षराचा संशय यावा असं तिला काहीच कारण नव्हतं.