अक्का पहिली

अक्का ठोसा मारायची आणि लगेच विचारायची, "लागलं का गं, मोडनिंब?" तेही सामना चालू असताना. रेफरी तिला गप्प राहा म्हणून ताकीद द्यायचे. तोंडात दातांचं रबर असल्यामुळे शब्द धड फुटायचे नाहीत, पण मला ते कळायचे. तिच्या उजव्या हाताचा मार मी सोसला. तो प्रश्न मात्र कधी सोसवला नाही. त्यात टोमणा नसायचा, तिला खरंच काळजी वाटायची, हेच जास्त लागायचं.

मोडनिंब हे माझं गाव. ते एकदा विचारून अक्काने तेच माझं नाव करून टाकलं. ती सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू विणकर घरातली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. धाकटी भावंडं अक्का म्हणायची, म्हणून आमचा सगळा बॉक्सिंग क्लब तिला अक्काच म्हणे.

मी लहानपणापासून अंगाने दांडगी. लग्नात फोटो काढायची वेळ आली की आई मला हळूच मागे सरकवायची. कॉलेजसाठी सोलापुरात आले तेव्हा क्लबच्या सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "हे वजन वाया घालवू नकोस, पोरी." माझ्या वजनाचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी केलं होतं. तो आनंद आठवडाभर टिकला. मग नातेवाइकांकडे गेलेली अक्का परत आली. तिला बघून सरांचा चेहरा असा उजळला की मी त्याच दिवशी तिच्यावर जळायला लागले.

सगळ्यात जड गटात जिल्ह्यात आम्ही दोघीच होतो. त्यामुळे आमची पहिली लढत हीच अंतिम लढत. दरवर्षी सुवर्ण तिला, रौप्य मला. आमचे अण्णा गावात छाती फुगवून सांगायचे, "पोरीचा जिल्ह्यात दुसरा नंबर आला." एकदा स्टँडवरच्या चहावाल्याने विचारलं, "किती जणी हुत्या म्हणायच्या?" अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लई हुत्या की." मी खाली मान घालून चहा प्यायले.

मला तिच्या झोपेचासुद्धा हेवा वाटायचा. लढतीआधी मी येरझाऱ्या घालायचे, आणि ही बाकावर तोंडावर टॉवेल टाकून घोरत असायची. नाव पुकारलं की तिला हलवून उठवावं लागायचं. ते कामही माझ्याकडेच. ती उठायची, माझ्या डब्यातली शेंगाचटणी बोटावर घेऊन चाटायची, "तुझ्या आईच्या हाताला चव आहे गं," म्हणायची आणि पाच मिनिटांत मला हरवायची. मी एकदा सरांना चिडून विचारलं, "माझं चुकतं तरी काय?" सर म्हणाले, "काही चुकत नाही. तू कष्ट करतेस. ती खेळते." इतकं खरं त्यांनी बोलायला नको होतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी राज्य स्पर्धेच्या निवडीची लढत होती. जागा एकच. मी उन्हाळाभर पहाटे उठून धावले, मैत्रिणींची लग्नं चुकवली. तिसऱ्या फेरीत मी अक्काला कोपऱ्यात दाबलं आणि माझा डावा हात तिच्या बरगडीवर सणसणीत बसला. त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, जिंकले. पाच पंचांपैकी तिघांनी तिला कौल दिला, दोघांनी मला.

सगळे येऊन समजूत घालून गेले. "तुम्ही दोघी सारख्याच," असं सरसुद्धा म्हणाले. अक्का बर्फाची पिशवी बरगडीला धरून माझ्या शेजारी येऊन बसली.

"आज मला लागलं," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी बघ," मी म्हणाले.

"पुढच्या वर्षी मी नाही गं. राज्य स्पर्धा झाली की लग्न. भिवंडीला."

"तुला करायचंय का लग्न?"

"करायचंय की. पोरगा चांगला आहे."

"मग मी हरवू कुणाला?"

ती हसली. बरगडी दुखली तशी हसायची थांबली. "येईल की दुसरी कुणीतरी जाडी."

दुसरी कुणी आली नाही. पुढच्या वर्षी रिंगणात मी एकटीच उभी राहिले, रेफरींनी माझा हात वर केला आणि सुवर्णपदक माझ्या गळ्यात पडलं. राज्य स्पर्धेत मात्र खरोखर लढून कांस्य आणलं. क्लबमध्ये पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच कुणीतरी म्हणालं, "अक्का असती तर सोनं होतं." समोर असलेल्या माणसाला कधीतरी हरवता येतं, जी निघून गेली, तिला कुठं गाठणार?

पुढे एका लग्नासाठी भिवंडीला गेले, तेव्हा तिचं घर शोधत गेले. अक्का आणखी भरली होती, कडेवर मूल होतं. तिने मला पोटभर जेवू घातलं. हात धुताना मी विचारलंच, "अक्का, खरं सांग. आपल्या दोघींत पहिली कोण?"

"मीच की," ती म्हणाली आणि हात पुसायला टॉवेल दिला.

परतीच्या गाडीत मी पुण्यापर्यंत धुमसत होते. मग लक्षात आलं, इतक्या वर्षांत सरांनी, अण्णांनी, मैत्रिणींनी माझी समजूतच काढली होती. मला समजुतीची गरज नाही, असं फक्त तिने धरलं होतं. गावी जायला कुर्डुवाडीला उतरले तेव्हा राग बराच निवळला होता. सगळा नाही.

आता मी कुर्डुवाडीतच एका शाळेत खेळ शिकवते. मुली विचारतात, "मॅडम, तुम्ही पहिल्या होता?" मी सांगते, "दुसरी. पहिली अक्का." आणि ती कशी खेळायची, तेही सांगते. सांगताना रंगते, असं मुली म्हणतात. परवा एक दांडगी पोरगी मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, मग त्यांनाच बोलवा की शिकवायला."

त्या दिवशी तिला मी बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या.