कोळशाची चौकशी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जळगावजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी हंगामी होतो आणि माझी नोकरी एका आकड्यावर टांगली होती. चांद्याकडच्या खाणीतून आमच्या बॉयलरसाठी धुतलेला कोळसा यायचा. खाणीच्या नव्या भागातला कोळसा धुतल्यावरही जळून किती राख ठेवील, हे तो यायच्या आधीच सांगायचं काम मी हौसेनं अंगावर ओढून घेतलं होतं. साहेब म्हणाले, आकडा जुळला तर कायम करतो, नाहीतर एरंडोलला घरी बसून शिकवण्या घे.

घरी नानांना, म्हणजे वडिलांना, हे गणित समजावताना मी माझ्या बहिणीच्या, अक्काच्या लग्नाचं उदाहरण दिलं. नाना यावलला मुलाची चौकशी करायला गेले तेव्हा त्यांनी शेजाऱ्याच्या शब्दाला जास्त वजन दिलं, लांबच्या गल्लीतल्याच्या शब्दाला कमी, आणि एकाच घरातले तीन भाऊ बोलले तरी ते एकच मत धरलं. खाणीत जागोजाग भोकं पाडून काढलेले, धुऊन तपासलेले नमुने म्हणजे तेच शेजारी. त्यांच्यावरून मधल्या न पाहिलेल्या जागेचा अंदाज बांधायचा. नानांना पटलं. कोळशाचं गोत्र तेवढं त्यांनी विचारून घेतलं.

मालगाडी आली. नमुना भट्टीत जाळला आणि राख माझ्या आकड्याहून बरीच जास्त निघाली. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नकार द्यायची त्यांची हीच पद्धत होती. नमुना घेतला तरी कुठून, हे बघायला मी यार्डात गेलो. वैशाखाचं ऊन होतं. शेडच्या सावलीत आलेल्या पुढच्या तीन डब्यांतूनच सगळा कोळसा उचलला होता. उचलणाऱ्याचा मला भयंकर राग आला आणि लगेच त्याच्या पाया पडावंसंही वाटलं.

तसाच परत येऊन म्हणालो, "साहेब, आपण एकाच घरातल्या तिघांना विचारलंय. बाकीचं गाव राहिलंय."

ते हसले नाहीत, पण गाडीच्या मधून आणि शेवटूनही नमुने घ्यायला लावले. दुसऱ्या दिवशी राख तोलली, तर माझ्या आकड्याला अगदी चिकटून. साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. इतकं हलकं मला नंतर क्वचितच वाटलं असेल.

संध्याकाळच्या बसनं एरंडोलला पोचलो. नाना ओट्यावरच बसले होते.

"पोर पसंत पडनी का?" त्यांनी विचारलं.

"पडनी, नाना. मीबी पडनू."

आत वळून त्यांनी आईला साखर आणायला सांगितलं, लग्न ठरल्यावर सांगतात तशी.