पियानोच्या पोटातली फळी

माझ्या मामाइतका सावकाश काम करणारा सुतार देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही. आचऱ्यातल्या एका मुलीच्या लग्नासाठी त्याने चौरंग करायला घेतला, तो तिच्या मुलाच्या बारशाला पोचला. मुलीचा बाप तणतणत आला, तर मामाच त्याची समजूत काढू लागला, "फणसाचा लाकूड ता. सुकाक नको? घाई तुझ्या चेडवाक होती, लाकडाक नाय." बापाने चौरंग उलटासुलटा करून सांधा शोधला. तो कुठेच सापडेना, तेव्हा बिचारा चौरंग डोक्यावर घेऊन चालता झाला.

कुणाच्याही घरी गेला की मामा आधी दारावर टिचकी मारतो. आत यायची परवानगी मागायला नव्हे, तर दार कसं वाजतं ते ऐकायला. आमच्या एका नव्या सुनेच्या माहेरून कपाट आलं, त्यालाही त्याने भर मांडवात टिचकी मारली आणि "भुसो आसा रे ह्यो, भुसो" असा निकाल दिला. ते सोयरे पुढे दोन वर्षं आमच्याशी बोलत नव्हते. देवळात भजन रंगात आलेलं असावं, लोक डोलत असावेत, आणि हा मात्र खांबाला कान लावून डोळे मिटून बसलेला. नवख्या माणसाला वाटावं, काय ही भक्ती!

ही खोड त्याला लागली जर्मनीत. तरुणपणी तो जहाजावर सुतार होता. जहाज दुरुस्तीसाठी तिकडच्या एका बंदरात अडकलं आणि गावात फिरताना एका उघड्या दारातून त्याला रंध्याचा आवाज आला. "आपल्यासारखोच वाजी होतो," एवढ्या ओळखीवर तो आत शिरला. तो एका कुटुंबाचा पियानोचा कारखाना होता. म्हातारा मालक, त्याचा मुलगा, सून आणि हाताखाली पाचसहा माणसं. म्हाताऱ्याने याच्या हातात रंधा दिला, निघालेला काप उजेडात धरून पाहिला आणि मान डोलावली. पुढे रीतसर कागदपत्रं होऊन मामा तिथे अकरा वर्षं राहिला.

पियानोत आवाज तारेचा नसतो, असं मामा सांगतो. तार नुसती थरथरते, गाते ती तिच्यामागची मोठी पातळ फळी. ही फळी थंड डोंगरावरच्या स्प्रूसची. तिथे झाड इतकं हळू वाढतं की त्याच्या रेषा केसासारख्या जवळजवळ येतात. ते लाकूड कित्येक वर्षं वाळवायचं, सरसाने जोडायचं, मधे किंचित फुगवटा ठेवायचा आणि कडा बोटांनी चाचपत तासायच्या. एका पियानोला जवळजवळ वर्ष जाई. म्हातारा रोज येऊन फळीवर टिचकी मारायचा आणि बहुतेक वेळा "अजून नाही" म्हणून निघून जायचा. मामाला गुरू भेटला तो असा.

आणि या माणसाने त्या अकरा वर्षांत पियानोवर एक अख्खं गाणं कधी ऐकलं नाही. सूर लावणारा दिवसभर एकेक पट्टी ठोकत बसे. मग जाड पांघरुणात गुंडाळलेला पियानो गाडीत चढे आणि जाई. आई अंथरुणाला खिळली म्हणून मामा गावी परतला, तोही गाणं न ऐकताच.

चार वर्षांपूर्वी मालवणातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्याला बोलावणं धाडलं. ऐंशी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या. नवऱ्याने हौसेने आणलेला त्यांचा पियानो खाऱ्या, दमट हवेने मुका झाला होता. मीच मामाला स्कूटरवरून नेलं. बाईंनी झाकण उचललं, आतली सोनेरी अक्षरं मामाने वाचली आणि तो जमिनीवर बसकण मारून बसला.

"आमचोच ह्यो," तो म्हणाला. "माझ्याआधीचो. म्हाताऱ्याच्या बापाशीच्या वेळचो."

फळी तीन ठिकाणी तडकली होती.

"किती दिवस लागतील?" बाईंनी विचारलं.

"पावस जावंदे. फळी सुकाक व्हयी."

"अहो, माझी बोटं महिन्यामहिन्याला आखडतायत. मला एकदा वाजवायचंय. तुमचं लाकूड थांबेल, मी थांबेन का?"

घरी येऊन मामाने खाटेखालून आजीच्या जुन्या लुगड्यात बांधलेली एक फळी काढली. स्प्रूसची होती. परतताना आणलेली ही एकच फळी, जिला आम्ही कधी बोटही लावू शकलो नव्हतो, ती त्याने चिरली आणि तिच्या बारीक पाचरी तड्यांमधे बसवल्या. भर पावसात तो रोज एसटीने मालवणला जाई. पियानोत दिवा लावून ओल सुकवी, चिकटलेल्या पट्ट्या एकेक करून सोडवी. दिवाळीनंतर गोव्याहून सूर लावणारा आणला. सात महिने लागले. मामाच्या मानाने ही निव्वळ धांदल होती.

"खालचे चार सूर अजून कच्चे आसत," तो कुरकुरत म्हणाला. म्हणाला, आणि बाजूला झाला. मनासारखं न झालेलं काम त्याने जन्मात पहिल्यांदा हातावेगळं केलं.

बाई बसल्या. लग्नाआधी शिकलेलं एक गाणं त्यांनी अडखळत सुरू केलं. मामा पियानोला पाठ टेकून जमिनीवर बसला होता. मध्येच सूर थांबले.

"संपला?"

"नाही हो. पुढचं आठवत नाही."

"आठवा बाई. माका खंय जाऊचा नाय."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. तिसऱ्या खेपेस ते पूर्ण झालं. मामाने डोळे पुसले नाहीत, ते वाहतायत हे त्याला कळलंच नसावं.

बाईंची बोटं त्या हिवाळ्यापुरती टिकली. आता त्या पुण्याला लेकीकडे असतात. गाणं ऐकलं त्या दिवशी स्कूटरवरून परतताना अर्ध्या वाटेत मामाने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "अकरा वर्सां जे जे बांधून धाडले, ते सगळे खंय ना खंय असेच वाजत असतले, नाय रे?"

"असतले," मी म्हटलं.