चढावरची गाणी

अम्मानमध्ये गाडी शिकवणारे पुष्कळ आहेत. पण चढावर थांबलेली गाडी मागे न घसरू देता पुढे काढायला मैसून कवारइतक्या शांतपणे कोणी शिकवत नाही. शहर डोंगरांवर वसलेलं, त्यामुळे ज्याला चढ जमला नाही त्याला गाडी आली नाही, असंच धरतात.

कॉलेजात मैसून एका बँडमध्ये ड्रम वाजवायची. बँड मोडला, पण कान शाबूत राहिले. अम्मान, बैरूत, कैरोतली पोरं घरच्या घरी रॉक गाणी रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकतात. त्यांतून निवडून तिने शिकवणीच्या गाडीसाठी स्वतःची प्लेलिस्ट जमवली होती. गाणं लावायचं आणि आधी स्वतः गाडी चढावर घालून पाहायची. क्लचवरचा पाय घाईने सुटला की गाणं बाद, मग ते कितीही लाडकं असो.

"मिस, हे गाणं आहे की भांडण?" एका शिकाऊ बाईने विचारलं होतं.

"भांडणच. पण तालात आहे. क्लच हळू सोड."

उन्हाळा सरताना उम्म सुहैब आल्या. नवरा गेल्यावर घरात बसून पाळायची चार महिने दहा दिवसांची इद्दत नुकतीच संपलेली. नवऱ्याची पिकअप दाराशी उभी आणि घरात तेलातल्या भरल्या वांग्यांच्या बरण्या. दुकानदार म्हणत, पोचवा, मग घेतो. पुतण्या रोज "उद्या येतो" म्हणायचा. लायसन्स मिळालं नाही तर हंगामाचा सगळा माल घरातच राहणार होता.

पहिल्या शिकवणीला मैसूनचा हात गाण्यांच्या बटणाकडे गेला.

"नको पोरी. त्यांना जाऊन वर्ष व्हायचंय. घरात टीव्हीसुद्धा बंद आहे."

"माफ करा, खाला."

गाण्यांशिवाय पहिल्याच चढावर गाडी बंद पडली, मागे घसरली. मैसूनने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. मागून हॉर्न सुरू झाले.

"शिव्या देतोय का गं तो?"

"दुवा देतोय, खाला. जरा मोठ्याने."

त्या संध्याकाळी मैसूनने सगळी प्लेलिस्ट पुन्हा ऐकली. पाय स्थिर करतं ते नक्की काय? गाणारा मनातून काढला, गिटार काढली. शेवटी ताल तेवढा उरला. दुसऱ्या दिवशी चढ आला तशी ती डॅशबोर्डवर बोटं वाजवू लागली.

उम्म सुहैबनी संशयाने पाहिलं. "हे गाणं तर नाही ना?"

"नाही. बोटं आहेत माझी."

त्यांनी थोडा विचार केला. "बोटांना सुतक नसतं. चालू दे."

गाडी वर गेली. मग रोज मैसूनच्या बोटांतून एकेक गाणं निघत राहिलं, गाणं न होता.

परीक्षेच्या दिवशी गाडीत परीक्षक बसला आणि मैसून चढाजवळच्या फुटपाथवर राहिली. चढावर गाडी थांबली. किंचित मागे आली. तेवढ्यात उघड्या खिडकीतून तिला उम्म सुहैबचं बोट दिसलं, स्टिअरिंगवर सावकाश पडणारं. गाडी सरळ वर गेली.

"काय वाजवत होता, खाला?" परीक्षकाने उतरताना विचारलं.

"काही नाही, बाळा. गाडीला समजावत होते."

लायसन्स हातात आल्यावर त्या मैसूनला म्हणाल्या, "ती गाणी फोनमध्ये घाल माझ्या. वर्ष सरलं की ऐकेन. मला वर कोणी नेलं, ते कळायला नको?"

मैसून हसली. "सगळी घालू? भांडखोर आहेत."

"तीसुद्धा घाल. आणि दुपारी ये, बरण्या चढवायला एक माणूस कमी आहे."

दुपारी पिकअप बरण्या भरून निघाली. चढ आला तरी शेजारी बसलेल्या मैसूनने हात मांडीवरच ठेवले, डॅशबोर्डवर बोटं वाजवली नाहीत. दुकानापाशी पोचेपर्यंत एकही बरणी कलली नाही.